पांढरी पट्टी

“मॅडम, उन्हात या. आत नाही कळायचं,” इकबाल म्हणाला.

शेडच्या दारात एक क्रेट उलटा घालून त्याने त्यावर दोन पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्ही तळहाताएवढ्या. एक आमच्या मशीनमधून नुकतीच काढलेली, दुसरी त्याच्या बॅगेतल्या सीलबंद पाकिटातली. मशीनमधली पट्टी मी तासाभरात तीनदा हातात घेऊन पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती मला पांढरीच दिसली होती. नवी शेजारी आली आणि जुनी पिवळी झाली.

“हळद,” इकबाल म्हणाला.

“नक्की?”

“सांगलीत जन्मलोय, मॅडम. मुल्ला असलो म्हणून काय झालं, हळद नाही ओळखणार?”

ही गोष्ट २०११ च्या मार्चमधली. तासगावच्या पुढे, सावळज रस्त्याला, विलास झांबरे यांच्या बेदाण्याच्या शेडमधली. आमची कंपनी बेदाणा निवडणारी यंत्रे बनवत असे. सरकत्या पट्ट्यावरून दाणे येतात, कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग पाहतो आणि तपकिरी किंवा काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून तो बाजूला उडवतो. रंग ओळखायचा तर आधी पांढरे म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक असावे लागते. म्हणून रोज सकाळी सुरू होताना ते प्रथम त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहते आणि त्या दिवसापुरते तेच पांढरे मानून पुढे सगळे जोखते. पट्टीच पिवळी असेल तर दिवसभर त्याचा अंदाज तेवढ्याने चुकतो. तपकिरी दाणा त्याला पिवळा दिसतो, पिवळा हिरवा दिसतो, आणि ते दोघांनाही बिनदिक्कत चांगल्या खोक्यात सोडते.

विलास झांबऱ्यांच्या बाबतीत हे पाच आठवडे चालले होते. मुंबईच्या निर्यातदाराने त्यांचा सगळा माल परत पाठवला होता. ‘हिरवा, पहिली प्रत’ असे छापलेल्या खोक्यांतून तपकिरी दाणे निघाले होते. आणि निर्यातदाराने निरोप धाडला होता: दोष यंत्राचा आहे असे यंत्र बनवणाऱ्यांनी शनिवारच्या आत लेखी दिले, तर पुन्हा निवडलेला माल मी घेईन, दोष तुमचा असेल तर तुमचे नाव माझ्या यादीतून गेले. पंचक्रोशीत असे यंत्र पहिल्यांदा घेणारा माणूस म्हणजे विलास. यादीतून नाव जाणे म्हणजे काय, हे त्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

“पण बोट लागलं असतं तर डाग दिसला असता,” मी म्हणाले. “ही तर सगळी सारखी आहे.”

इकबालने माझ्याकडे पाहिले. त्याला उत्तर माहीत होते, पण ते सांगायचे की नाही याचा तो विचार करत होता.

“रोज पुसतात ना मॅडम. कोरड्या फडक्यानं, हलक्या हातानं, डावीकडून उजवीकडं. आपल्या पुस्तकात लिहिलंय तसं. ओली हळद होती, रोज पुसून पुसून पसरली. ह्या लोकांनी आपलं ऐकलं नसतं तर डाग तरी दिसला असता.”

विलास आमच्या मागेच उभा होता. चाळिशीचा, उंच, आवाजाने मोठा माणूस. तो वळला आणि शेडच्या टोकाला गेला. तिथे दहा-बारा बाया परत आलेला माल हाताने निवडत बसल्या होत्या, त्यांत त्याची आईही होती. सगळे तिला आक्का म्हणत.

“आक्का! पूजेच्या दिवशी मशीनला कुठं कुठं बोटं लावलीस गं?”

आक्कांचे हात थांबले नाहीत. “लावली असतील की.”

“लावली असतील काय? अगं, पाच आठवड्याचा माल गेला तुझ्या त्या एका बोटापायी! मी बोंबलून सांगत होतो, त्या डब्याला काय लावायचं नाही म्हणून. झालं समाधान?”

“विलासराव, हळू,” मी म्हणाले.

“हळू काय मॅडम? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हिनं. आधी हसत होते, यंत्र घेतलं म्हणून. आता म्हणतील, यंत्राला हळद लावून नवरी केली!”

बायांपैकी एकीला हसू आले; तिने पदर तोंडाशी नेला. आक्कांनी एक तपकिरी दाणा उचलून बाजूच्या डब्यात टाकला, मग दुसरा. मान वर करून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली पाहू लागल्या. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

इकबालने नियमाप्रमाणे पट्ट्यांचा फोटो पुण्याच्या ऑफिसला पाठवला होता आणि हळद कशी लागली तेही कळवले होते. तासाभरात मला फोन आला. कौशल मर्चंट बोलत होते. आमच्या कंपनीत ज्या गुंतवणूक संस्थेचे निम्म्याहून अधिक शेअर होते, तिचे ते प्रतिनिधी. मुंबईत वाढलेले असल्याने मराठी चांगले बोलत, आणि प्रत्येक वाक्य आधीच टाइप करून ठेवल्यासारखे बोलत.

“नलिनी, अभिनंदन. आपला दोष नाही, हे सिद्ध झालं.”

“तसं कुणी म्हटलं?”

“हळद कुणी लावली? ग्राहकानं. विषय संपला. पत्राचा मसुदा तुम्हाला मेल केलाय. सही करून आजच्या आज द्या. उद्या अकराला बोर्डाची बैठक आहे, तिथं तो कागद मला समोर हवा. पुढच्या महिन्यात डेन्मार्कची माणसं येतायत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

ती माणसे आमची कंपनी विकत घेण्याच्या विचारात होती. गेले वर्षभर आमचे प्रत्येक बोलणे शेवटी तिथेच येऊन थांबत असे.

“मी सगळं तपासते आणि सांगते.”

“तपासायला काय उरलंय?”

मसुदा मी फोनच्या लहानशा पडद्यावर वाचला. ‘ग्राहकाच्या कुटुंबातील अप्रशिक्षित व्यक्तीने धार्मिक विधीच्या निमित्ताने यंत्राच्या संवेदनशील भागावर परका पदार्थ लावल्यामुळे’ असे त्यात होते. पुढे हमी रद्द झाल्याचे. खाली माझे नाव, आणि नावाखाली ‘व्यवस्थापकीय संचालक’.

इकबाल दुसऱ्या बाजूला यंत्राची झडप बसवत होता. “द्यायचं का मॅडम, पत्र?” त्याने वर न पाहता विचारले.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय होतंय?” थोडे थांबून तो म्हणाला, “नवीन मॉडेलच्या ड्रॉइंगवर मी झाकण काढलं होतं. आठवतंय?”

मला आठवत होते. जुन्या यंत्रात ती पट्टी आत असे. ती पुसायला मागचे कव्हर उघडावे लागे, आणि त्याचा लोकांना कंटाळा येई. नव्या मॉडेलमध्ये मी ती पुढे आणली, उघड्यावर, हात सहज पोचेल अशी. इकबालने पेन्सिलीने तिच्यावर उघडमिटीचे झाकण काढून दिले होते, आणि मी लाल शाईने ते खोडले होते. झाकणाला बिजागरी येते, बिजागरीत धूळ साचते, असे मी कारण लिहिले होते. ते कारण चुकीचे नव्हते. असे नवे मॉडेल आम्ही तोवर नऊ ठिकाणी बसवले होते.

“बाई, चहा घ्यायला चला आत,” आक्का शेजारी येऊन उभ्या होत्या. “विल्या गेलाय ट्रॅक्टर बघायला. या.”

शेडला लागूनच घर होते. स्वयंपाकघरात त्यांनी मला पाटावर बसवले, आणि स्वतः चुलीकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. कपात दुधाचा चहा होता, वेलदोडा घातलेला.

“त्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “भडकतोय आणि थंड होतोय. बापागत.”

“आक्का, मीच तुमची माफी मागायला हवी. मुलगा तुम्हाला बोलला ते…”

“मागू नका. लई जण मागतात आणि त्यात माझाच वेळ जातोय.” त्या हसल्या. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “एक विचारू? राग नाही ना यायचा?”

“विचारा.”

“तुम्हाला खरंच आठवत नाही?”

“काय?”

“पूजेदिवशी तुम्ही मशीनजवळ होता. कानाला फोन होता. मी वाटी घेऊन आले. सगळं मशीन करड्या रंगाचं, त्यावर हळद दिसंना. तेवढीच एक जागा पांढरी होती. मी तुम्हाला म्हटलं, ‘बाई, इथं लावू का?’ तुम्ही मान हलवलीत. हसलात पण. मी लावली.”

पूजेचा दिवस मला आठवत होता. नारळ, पेढे, विलासने फिरवलेले फेट्याचे टोक. फोनही आठवत होता. मर्चंटना मी सांगत होते की तासगावातही आपण पोचलो. आक्कांचा चेहरा त्यात कुठेच नव्हता. पण मान हलवल्याचे मला खात्रीने नाकारता येईना. अशा वेळी मी नेहमी मान हलवते. समोरचा काय म्हणाला ते ऐकू आले नसले तरी.

“मग मघाशी का नाही सांगितलंत? विलासरावांना?”

“सगळ्यांसमोर?” आक्का म्हणाल्या. “तुमच्या कामाचा माणूस उभा होता, आमच्या बाया होत्या. तुमचं नाव कसं घ्यायचं? तुम्ही पाव्हण्या. आणि त्यानं मला काय आज पहिल्यांदा बोललंय?”

“पण दोष तुमच्यावर आला.”

“माझ्यावर येऊ दे की. मी कुठं कंपनी चालवतीय?”

त्यांनी ते विनोदाने म्हटले होते. चहा संपवून त्या उठल्या, पुन्हा बायांत जाऊन बसल्या आणि दाणे निवडू लागल्या. मी शेडमध्ये परतले. तिथे इकबालबरोबर अर्धा तास थांबले, विलास ट्रॅक्टरवरून आल्यावर त्याच्याशी बोलले, आणि दुपारी तीनच्या सुमारास आम्ही पुण्याला निघालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बैठक सुरू झाली. टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. मर्चंट, त्यांच्याच संस्थेचे दुसरे संचालक, जे बहुधा काही बोलत नसत, मी, माझा भागीदार मिलिंद घैसास, आणि इतिवृत्त लिहायला कंपनी सचिव गौतमी. मिलिंद आणि मी कॉलेजात एका बाकावर बसत होतो. ही कंपनी त्याच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघांनी सुरू केली होती.

“पत्र?” मर्चंट म्हणाले.

“त्यावर मी सही केलेली नाही.”

“कारण?”

“त्यात लिहिलेलं खरं नाही.”

“हळद ग्राहकाच्या आईनं लावली नाही का?”

“लावली.”

“तिला प्रशिक्षण दिलेलं होतं का?”

“नव्हतं.”

“मग पत्रातला कोणता शब्द खोटा आहे?”

मिलिंद खुर्चीत पुढे सरकला. “नलू, कर ना सही. तिचं नावसुद्धा नाही त्यात. कुणाला कळणारही नाही.”

“तिच्या मुलाला कळेल. निर्यातदाराला कळेल. विलासचं नाव यादीतून जाईल, आणि जन्मभर तो मानत राहील की आईनं घालवलं. आणि मिलिंद, या देशात आपण यंत्र बनवतो. खंडेनवमीला आपल्याच कारखान्यात आपण लेथला हळद-कुंकू लावतो. तू लावतोस, मी लावते. यंत्र आलं की पूजा होणार आणि बोट कुठेतरी लागणारच. ते कुठे लागेल याचा विचार मी एकदाही केला नाही. जिथे लागू नये, तीच एक जागा मी पांढरीशुभ्र करून उघड्यावर ठेवली. इकबालनं झाकण सुचवलं होतं, ते मी खोडलं. हा आराखड्यातला दोष आहे आणि आराखडा माझा आहे.”

“हे सगळं भावनेचं आहे,” मर्चंट म्हणाले.

“बिजागरीचं आहे,” मी म्हणाले. “फार तर चार स्क्रूचं.”

मिलिंदला हसू फुटले. त्याने ते खोकल्यात लपवले.

मर्चंट हसले नाहीत. “नऊ यंत्रं परत बोलवायची? डेन्मार्कवाले येण्याच्या महिनाभर आधी? ‘आमचा मुख्य भागच चुकीच्या जागी आहे’ असं आपणच लिहून द्यायचं? तुमच्या प्रामाणिकपणाचा मला आदर आहे, नलिनी. पण हा प्रामाणिकपणा तुम्ही सगळ्यांच्या वतीनं करताय. इथे पासष्ट लोक काम करतात.”

हे त्यांचे बोलणे मला लागले. आजही मी ते खोटे ठरवू शकत नाही.

“आणखी एक आहे,” मी म्हणाले. “त्यांनी हळद लावण्याआधी परवानगी विचारली होती.”

“कुणाला?”

“मला.”

गौतमीची बोटे कीबोर्डवर थांबली.

“तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“मान हलवली.”

“साक्षीदार?”

“त्या स्वतः.”

“लेखी काही आहे?”

“नाही.”

“मग कंपनीच्या दृष्टीनं ते घडलेलं नाही,” मर्चंट म्हणाले. ते हे चिडून म्हणाले नाहीत. एखाद्या नवशिक्याला पद्धत समजावून सांगावी तसे म्हणाले.

“घडलंय, कौशलभाई. मी फोनवर होते म्हणून नीट ऐकलं नाही, एवढंच. आणि फोनवर तुम्ही होतात.”

दुसऱ्या संचालकांनी पहिल्यांदाच टेबलावरून नजर उचलली.

मर्चंटनी पेन खाली ठेवले. “मी शेवटचं विचारतो. हे पत्र तुम्ही देणार की नाही?”

“पत्र मी दिलंय.”

“म्हणजे?”

“काल दुपारी, शेडमध्येच. इकबालच्या बॅगेत कंपनीचे कोरे लेटरहेड आणि शिक्का असतो, त्यावर हातानं लिहून. दोष यंत्राच्या आराखड्याचा आहे, ग्राहकानं आमच्या सूचना तंतोतंत पाळल्या, हळद लावायला कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी स्वतः संमती दिली होती, आणि सगळ्या नऊ यंत्रांना आम्ही झाकण बसवून देऊ. विलासरावांनी ते आधी आपल्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला नेलं.”

खरे तर विलासने ते मोठ्याने वाचायला घेतले होते, पण निम्म्यातच त्याचा आवाज बसला आणि उरलेले इकबालने वाचले. आक्का म्हणाल्या होत्या, “बाई, एवढं कशाला लिहिलंत? मी काय कोर्टात जाणार होते?” आणि मग पदराला हात पुसून, वाचता येत नसतानाही, त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. यातले काही मी बैठकीत सांगितले नाही.

“फोन करा त्यांना,” मर्चंट म्हणाले. “पत्र परत घ्या.”

मी फोन उचलला. फोन करायची गरज नव्हती. विलासचा निरोप वीस मिनिटांपूर्वीच येऊन पडला होता. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला: “पत्र दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. चहा सांगितलाय.”

“चहा म्हणजे काय?” दुसऱ्या संचालकांनी विचारले.

“म्हणजे माल घेतला,” मिलिंद म्हणाला. बाजाराची रीत त्याला ठाऊक होती. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

त्यानंतर सगळे फार लवकर झाले. मर्चंटनी ठराव तोंडीच मांडला: बोर्डाच्या संमतीशिवाय कंपनीला बांधून घेणारे पत्र दिल्याबद्दल नलिनी आवटे यांना व्यवस्थापकीय संचालक पदावरून या क्षणापासून दूर करण्यात येत आहे. दुसऱ्या संचालकांनी अनुमोदन दिले. मर्चंटनी हात वर केला, मग दुसऱ्यांनी.

मिलिंदने बराच वेळ लावला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“नलू, पासष्ट लोक आहेत गं,” तो म्हणाला.

“माहीत आहे. मीच घेतलेत त्यांना.”

त्याने हात वर केला, खांद्यापेक्षा जास्त उंच नाही. विरोधात माझा एकटीचा हात होता. मी तो पूर्ण वर केला, आणि मर्चंटनी ‘खाली घेतलात तरी चालेल’ असे म्हणेपर्यंत खाली घेतला नाही.

“ते पत्र कंपनीला बंधनकारक नाही, असं आम्ही आजच निर्यातदाराला कळवू,” मर्चंट कागद गोळा करत म्हणाले. “आणि झांबऱ्यांनाही. पदावर नसलेल्या व्यक्तीच्या पत्राला अर्थ नसतो.”

“पदावर नसलेल्या व्यक्तीच्या नसतो,” मी म्हणाले. “काल दुपारी अडीच वाजता मी पदावर होते. सही माझी आहे, शिक्का कंपनीचा आहे, तारीख कालची आहे. तुम्ही मला काढलंत ते आज. कालच्या दुपारी जाऊन मला काढायचा ठराव अजून कुठल्या कायद्यात नाही. गौतमी, मतदान किती वाजता पूर्ण झालं तेवढं इतिवृत्तात नीट लिहा.”

“त्याची आवश्यकता नाही,” मर्चंट म्हणाले.

गौतमी कंपनीत लागून आठ महिने झाले होते. तिने मर्चंटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग ती भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली, आणि अकरा वाजून बेचाळीस मिनिटे, असे मोठ्याने म्हणत तिने वेळ लिहिली.